भिंतीपलीकडच्यांना न उठवता गोंगाट : सिंथवरच्या पोस्ट-पंकची पहिली तयारी

विसर्जनाच्या मिरवणुकीत बेंजो पार्टीच्या गाडीजवळून कधी चालला असाल, तर या लेखातला निम्मा विषय तुमच्या कानांना आधीच ठाऊक आहे. टाइपरायटरसारखी बटणं असलेला बेंजो, त्याला लावलेला पिकअप, तिथून वायर अ‍ॅम्प्लिफायरला आणि अ‍ॅम्प्लिफायरमधून भोंग्याला. भोंग्याला खर्ज झेपत नाही. खालचे सूर गळून जातात, मधला पट्टा तेवढा उरतो, आणि अ‍ॅम्प्लिफायर ताकदीबाहेर पिळलेला असल्यामुळे तो पट्टा फाटून कानात शिरतो. तारेचा मूळचा किणकिणता गोडवा कुठल्या कुठे जातो. तरी चाल ओळखू येते आणि माणसं नाचतात. मुंबईकराला फाटका आवाज सोसत नाही असं कुणी म्हणालं, तर त्याला लालबागला नेऊन उभं करावं.

सिंथेसायझरवरचं पोस्ट-पंक याच जातीचं. सिंथेसायझर, थोडक्यात सिंथ, म्हणजे विजेने सूर तयार करणारं वाद्य, आणि पोस्ट-पंक म्हणजे पंक या रांगड्या रॉकच्या पाठोपाठ आलेलं संगीत. सिंथमधून खरखरीत, बोचरा आवाज काढायचा, खाली यंत्राचा न थकणारा ठेका ठेवायचा आणि वर कुणीतरी गायच्या ऐवजी बोलायचं, पुटपुटायचं, ओरडायचं. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्क, लंडन, शेफील्ड, लॉस एंजेलिस, ड्युसेलडॉर्फ अशा शहरांत हे थोड्याफार फरकाने एकाच सुमारास उगवलं. कुणी त्याला सिंथ-पंक म्हणतं, कुणी इंडस्ट्रियल. या नावांच्या भांडणात पडू नका, त्यातून आवाज निघत नाही.

आपल्या शहरात राहून हे करायचं तर एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात बसवा. कर्कशपणा आवाजाच्या पोतात असतो, व्हॉल्यूमच्या बटणात नसतो. नीट रचलेला गोंगाट हेडफोनवर हळू लावला तरी अंगावर येतो, आणि न रचलेला गोंगाट कितीही मोठा केला तरी नुसती डोकेदुखी. म्हणूनच हे संगीत वन-रूम-किचनमध्ये, आई आतल्या खोलीत झोपलेली असताना करता येतं. पुढचं सगळं याच हिशेबाने लिहिलं आहे.

आधी ऐका

न्यूयॉर्कच्या ‘सुइसाइड’ या बँडपासून सुरुवात करा. माणसं दोनच. मार्टिन रेव्ह वाद्यांवर, अ‍ॅलन वेगा गळ्यावर. गिटार नाही, ड्रमर नाही. १९७७ चा त्यांचा पहिला अल्बम लावा आणि पहिल्यांदा ऐकताना वेगाकडे चक्क दुर्लक्ष करा. खालचा सूर धरा. दोन-तीन सुरांचा तुकडा मिनिटामागून मिनिट तोच फिरतो, स्वस्तातल्या ऑर्गनचा, विजेच्या खांबासारखा गुणगुणणारा. दुसऱ्यांदा ऐकताना वेगाचे श्वास, किंचाळ्या आणि त्यावर सोडलेला इको ऐका. मग कळतं की खालचं काही बदलत नाही म्हणूनच वरचा एक श्वाससुद्धा घटना वाटतो. जून १९७८ मध्ये ब्रुसेल्सला गायक एल्व्हिस कॉस्टेलोच्या आधी हे दोघं वाजवायला उभे राहिले. लोकांनी हुर्यो उडवली, माइक पळवला आणि कार्यक्रम तेवीस मिनिटांत आटोपला. त्याचं रेकॉर्डिंग आहे. पहिल्या कार्यक्रमाला टाळ्या पडल्या नाहीत म्हणून हिरमुसणाऱ्यांनी ते मुद्दाम ऐकावं.

मग शेफील्डचं ‘कॅबरे व्होल्टेअर’. शेफील्ड पोलादाचं गाव, आणि ही तिघं १९७३ पासून टेपचे तुकडे, घरगुती यंत्रं आणि सिंथ यांच्याशी खेळत होती. त्यांचं १९७९ चं ‘नॅग नॅग नॅग’ हे गाणं या प्रकाराचा सगळा मसाला एका जागी दाखवतं : पत्र्यासारखी ड्रम मशीन, फाटलेला सिंथ, चाळणीतून गाळल्यासारखा गळा. ज्यांच्या आजोबांचं घड्याळ गिरणीच्या भोंग्यावर लागायचं, त्यांना हे परकं वाटायचं कारण नाही.

माझ्या दृष्टीने नवख्याने सगळ्यात काळजीपूर्वक ऐकावी अशी तबकडी मात्र लंडनच्या डॅनियल मिलरची. १९७८ मध्ये त्याने ‘द नॉर्मल’ या नावाने घरीच, कोर्ग ७००एस हा एकच सिंथ आणि चार ट्रॅकची टेप मशीन घेऊन दोन गाणी केली : ‘टी.व्ही.ओ.डी.’ आणि ‘वॉर्म लेदरेट’. ती काढायला त्याने म्यूट नावाची कंपनी सुरू केली, आणि पुढे डेपेश मोड हा बँड त्याच कंपनीतून आला. ‘वॉर्म लेदरेट’मध्ये किती आवाज आहेत ते बोटांवर मोजून बघा. एका हाताची बोटं पुरतात. तुमच्या पहिल्या गाण्यात याहून जास्त आवाज असतील तर ते का आहेत, हे स्वतःला विचारा.

बाकीचे पटकन सांगतो. लॉस एंजेलिसचे ‘द स्क्रीमर्स’ : गिटारच नाही, डिस्टॉर्शनमधून, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणाऱ्या यंत्रातून, सोडलेले की-बोर्ड, ड्रम आणि गळा. बँड चालू असताना त्यांचा एकही अल्बम आला नाही, आज जे ऐकायला मिळतं ते डेमो आणि कार्यक्रमांचं चित्रण. क्लीव्हलँडच्या ‘पेरे उबू’चा अ‍ॅलन रेव्हनस्टाइन सिंथला पेटीसारखा वाजवत नाही, वाफ सोडल्यासारखा सोडतो. लंडनच्या ‘थ्रॉबिंग ग्रिसल’मधला क्रिस कार्टर स्वतःची यंत्रं स्वतः जोडायचा. आणि ड्युसेलडॉर्फचे ‘डी.ए.एफ.’ : कॉनी प्लांकने ध्वनिमुद्रित केलेला त्यांचा १९८१ चा ‘आलेस इस्ट गुट’ घामट, कवायती आणि अगदी मोकळा आहे. त्यांच्याकडे आपण शब्दांच्या वेळी परत येऊ.

आपल्याकडचं काय? १९८२ साली, गिरणी संपाच्या त्याच वर्षी, मुंबईत चरणजित सिंग या फिल्मी वाद्यवृंदातल्या वादकाने रोलंड कंपनीचा ज्युपिटर-८ सिंथ, टीबी-३०३ हे बासचं यंत्र आणि टीआर-८०८ ही ड्रम मशीन घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. ते पोस्ट-पंक नाही, आणि त्यात खरखरही फारशी नाही. पण यंत्राला न थांबता चालू देण्याची जी हिंमत लागते ती तिथे पुरेपूर आहे. त्याच्याही आधी, १९६९ मध्ये, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर आला होता आणि तिथे केलेली ध्वनिमुद्रणं २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हा ‘हे आपलं नाही’ हे पालुपद कुणी लावलं तर या दोन गोष्टी सांगा आणि पुढे चला.

हे सगळं लोकलमध्ये ऐकू नका. गाडीची घरघर नेमकी खालचे सूर गिळते आणि तुम्ही नकळत आवाज वाढवत जाता. रात्री, घरी, दोन्ही कानांना झाकणारे हेडफोन लावून ऐका.

काय घ्यायचं

सुरुवातीला काहीच नाही. घरात चालू लॅपटॉप असेल तर ‘सर्ज एक्सटी’ हा सिंथ फुकट आणि मुक्त स्रोत आहे, आणि ‘व्हीसीव्ही रॅक’मध्ये पडद्यावरच्या वायरी ओढून मॉड्युलर सिंथ, म्हणजे सुटे भाग जोडून बनणारा सिंथ, उभा करता येतो, तोही फुकट. ध्वनिमुद्रणाला ‘रीपर’ साठ दिवस वापरून बघता येतं. खर्च करायचाच तर वायरवाल्या हेडफोनवर करा. ब्लूटूथमध्ये कळ दाबल्यापासून आवाज कानात पडेपर्यंत जो उशीर होतो, त्याने ठेका हातात राहत नाही.

दोन-तीन महिने असे गेले आणि हाताला खरी बटणं फिरवायची खाज सुटली, तर माळ्यावर बघा. बहुतेक घरांत एखाद्या भाच्याचा, पुतण्याचा कॅसिओ पडलेला असतो. त्याचे ‘व्हायोलिन’, ‘ट्रंपेट’ वगैरे आवाज ऐकून हसू येतं, पण तेच आवाज गिटारच्या डिस्टॉर्शन पेडलमधून सोडले की हसू थांबतं. बॉसचा डीएस-१ हा नारिंगी पेडल १९७८ पासून बनतो आहे आणि जुन्यात सहज मिळतो. जोडताना दोन गोष्टी सांभाळा. की-बोर्डचा आवाज गिटारच्या पिकअपपेक्षा बराच ताकदवान असतो, म्हणून की-बोर्डचं व्हॉल्यूम पाव भागावरून सुरू करून हळूहळू वर न्या. आणि छोट्या कॅसिओला फक्त हेडफोनचं भोक असतं, त्यात मोनो पिन खुपसली तर एक बाजू शॉर्ट होते. स्टिरिओ पिन लावा आणि तिच्यातली एकच बाजू पेडलला द्या.

नवीन सिंथ घ्यायचा तर एका वेळी एकच सूर काढणारा, बटणं बाहेर असलेला घ्या. कोर्गच्या व्होल्का मालिकेतला एखादा, किंवा ऐपत असेल तर एमएस-२० मिनी. मूळ एमएस-२० १९७८ चा, आणि त्याचा फिल्टर, म्हणजे सुराचे वरचे-खालचे पट्टे गाळणारा भाग, पिळला की जो चिरकतो त्याला तोड नाही. धोबीतलावला फुर्टाडोजमध्ये जाऊन बटणं फिरवून बघा, मगच मागवा. पाचशे तयार आवाज भरलेला, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात चालणारा मोठा की-बोर्ड घेऊ नका. त्यात प्रत्येक आवाज गोड करून ठेवलेला असतो आणि तुमचा अर्धा वेळ ती साखर काढण्यात जाईल.

कर्कश आवाज घडवायचा कसा

इथे घाई करू नका.

ऑसिलेटर म्हणजे सिंथचा मूळ सूर. त्याचे दोन प्रकार आधी ओळखा : सॉ आणि स्क्वेअर. सॉमध्ये मूळ सुरावरचे सगळे उपस्वर असतात, म्हणून तो करवतीसारखा भरलेला लागतो. स्क्वेअरमध्ये फक्त विषम उपस्वर, म्हणून तो पोकळ, नाकातला. पहिला प्रयोग असा : दोन सॉ ऑसिलेटर एकाच सुरावर लावा आणि एकाला केसभर वर सरकवा. एक ११० हर्ट्झ आणि दुसरा ११३ झाला की सेकंदाला तीन हेलकावे ऐकू येतात. तंबोऱ्याच्या दोन तारा जुळवताना जी लाट विरत जाते, तीच इथे मुद्दाम विरू द्यायची नाही.

आता डिस्टॉर्शन. एकच सूर फाडला तर तो नुसता जाड आणि खरखरीत होतो. दोन सूर एकत्र फाडले तर मूळ दोघांत नसलेले नवे सूर जन्माला येतात, त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे. सा ९८ हर्ट्झवर ठेवा, पंचम १४७ वर. वजाबाकी ४९. म्हणजे बरोबर खालच्या सप्तकातला सा! न दाबलेला खर्ज आपोआप गुरगुरायला लागतो, म्हणून सा-प फाडला की भिंतीसारखा भक्कम लागतो. आता पंचम सोडून कोमल रे दाबा. की-बोर्डवर तो साधारण १०४ ला पडतो, वजाबाकी सहाच्या आसपास. तो सूर राहत नाही, सेकंदाला सहा वेळा थरथरणारी किरकिर होते. हीच ती जागा. गाण्याचा बहुतेक भाग सा-पवर उभा करा आणि जिथे टोचायचं आहे तिथेच कोमल रे लावा. सगळीकडे लावला तर कान दोन मिनिटांत मरतो आणि मग काहीच टोचत नाही.

फिल्टर आणि डिस्टॉर्शन यांचा क्रम बदलून बघा. आधी फिल्टर, मग डिस्टॉर्शन : फिल्टर उघडत जाईल तशी फाट वाढत जाते, राग चढत गेल्यासारखी. आधी डिस्टॉर्शन, मग फिल्टर : फाटलेला आवाज तुम्ही गोधडीखाली दाबता आणि हवा तेव्हा उघडता. पहिला प्रकार ओरडण्याच्या गाण्याला, दुसरा पुटपुटण्याच्या. फिल्टरचं रेझोनन्स, म्हणजे तो जिथे कापतो त्या जागेचा जोर, शेवटाला नेलं की बऱ्याच सिंथचा फिल्टर स्वतःच शिट्टी मारायला लागतो. ती शिट्टी हाताने वर-खाली नेणं हा एक स्वतंत्र वाद्यप्रकार समजा.

रिंग मॉड्युलेशन याहून रांगडं. त्यात मूळ दोन्ही सूर गायब होतात आणि फक्त बेरीज-वजाबाकी उरते. २०० आणि ३३० हर्ट्झ आत घातले तर बाहेर १३० आणि ५३० येतात. कुठल्याच थाटात न बसणारे हे सूर पत्र्यावर हातोडा मारल्यासारखे लागतात, आणि ठेक्यातल्या थाळीच्या जागी फार छान बसतात.

सिंथच नसेल तर एक छोटा मिक्सर पुरतो. त्याचा आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडायचा आणि गेन हळूहळू वाढवायचा. मिक्सर स्वतःच गुणगुणायला, मग किंचाळायला लागतो, आणि ट्रेबल-बासच्या बटणांनी सूर बदलतो. हे करताना हेडफोन कानावर ठेवू नका, गळ्यात ठेवा. मिक्सर सांगून किंचाळत नाही.

लॅमिंग्टन रोडची फेरी

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गाला जा आणि सुट्या भागांच्या दुकानात एवढं मागा : सीडी४०१०६ आयसी, १०४ छापलेले सिरॅमिक कपॅसिटर, एक मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, एक मेगचे दोन पॉट (फिरवून कमी-जास्त करायचे रेझिस्टर), दहा के आणि शंभर के चे रेझिस्टर, ब्रेडबोर्ड (डाग न देता भाग खोचायची पाटी), एक १एन४१४८ डायोड, नऊ व्होल्टच्या बॅटरीची टोपी आणि एक पी-३८ सॉकेट. पी-३८ म्हणजे आपला गिटारचा जाड जॅक, काउंटरवर हेच नाव चालतं. आयसी संपलाय म्हणून कुणी ७४एचसी१४ पुढे केला तर नको म्हणा. काम तेच करतो, पण तो पाच-सहा व्होल्टचा गडी, नऊ व्होल्टला जळतो.

या एका आयसीत सहा ऑसिलेटर होतात. पिन १४ ला बॅटरीचा प्लस, पिन ७ ला मायनस. पिन १ पासून मायनसपर्यंत एक १०४ कपॅसिटर. पिन १ आणि पिन २ यांच्यामध्ये एक मेगचा पॉट, त्याच्यासोबत ओळीत दहा केचा रेझिस्टर. झाला पहिला ऑसिलेटर, पिन २ वर स्क्वेअर सूर तयार. पॉट फिरवला की तो टकटक करण्यापासून किंचाळण्यापर्यंत जातो. दुसरा असाच पिन ३ आणि ४ वर. न वापरलेले इनपुट, म्हणजे ५, ९, ११ आणि १३, मायनसला बांधून टाका, नाहीतर ते हवेतली खरखर उचलतात. बाहेर येणारा सूर थेट मिक्सरला देऊ नका, तो फार ताकदीचा असतो. प्रत्येक आउटपुट शंभर केमधून एका बिंदूला आणा, तिथून दहा के मायनसला जोडा आणि त्याच बिंदूवरून एक मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून सॉकेटला न्या. कपॅसिटरला प्लस-मायनस असेल तर प्लस आतल्या बाजूला. एक ऑसिलेटर अगदी मंद ठेवून त्याचा आउटपुट १एन४१४८ डायोडमधून दुसऱ्याच्या इनपुटला दिला तर दुसरा त्या लयीत तुटत-तुटत वाजतो. डायोडची काळी रेघ इनपुटच्या बाजूला ठेवा. तुमचा पहिला ठेका इथेच निघाला.

चोरबाजारातून किंवा घाऊक बाजारातून बॅटरीवरची बोलकी खेळणी आणून ती उघडायची, आतल्या सर्किटवर ओलं बोट फिरवून आवाज वेडावाकडा करायचा, हाही एक जुना छंद. जरूर करा. पण फक्त बॅटरीवर चालणारंच उघडा. भिंतीच्या प्लगला लागणारं यंत्र, बंद करून काढलेलं असलं तरी, नवख्याने उघडायचं नाही. यात पंकगिरी दाखवू नये.

ठेका

यावर फार लिहिण्यासारखं नाही. चार मात्रा, पायाचा ठोका प्रत्येकीवर किंवा एक सोडून एक, लय १२० ते १५० च्या मध्ये. मधेच तिहाई घेऊन समेवर यायचा मोह होतो, आवरा. यंत्राने यंत्रासारखंच वाजावं. संपूर्ण ठेका डिस्टॉर्शनमधून सोडा, मात्र पायाच्या ठोक्याची एक स्वच्छ प्रत खाली ठेवा, नाहीतर गाण्याला जमीन राहत नाही. आणि ‘मराठी’ वाटावं म्हणून वर ढोलकीचा तयार तुकडा चिकटवू नका. ते जाहिरातीसारखं होतं.

शब्द आणि गळा

डी.ए.एफ.चा गाबी डेलगाडो जन्माने स्पॅनिश, पण जर्मनमध्ये हुकूम सोडल्यासारखी छोटी वाक्यं म्हणायचा. इंग्रजीची नक्कल करण्यापेक्षा भाषेचा कठीणपणाच त्याने वाद्य म्हणून वापरला. मराठीकडे हा ऐवज भरपूर आहे. ट, ठ, ड, ढ, ळ, जोडाक्षरं, हे सगळं डिस्टॉर्शनमधूनही शाबूत बाहेर येतं. स आणि श मात्र फिस्कारतात, तेवढे तोंड माइकवरून जरा बाजूला वळवून म्हणा.

कविता लिहायला बसू नका. सोसायटीच्या फळ्यावर आणि जिन्यात बघा. ‘पाणी जपून वापरावे.’ ‘येथे थुंकू नये.’ ‘लिफ्टमध्ये सामान नेऊ नये.’ ‘थकबाकीदारांची नावे खालीलप्रमाणे.’ हे शेवटचं वाक्य सपाट आवाजात आठ वेळा म्हणा, नवव्या वेळी किंचित वर चढवा आणि खाली कोमल रे लावा. अंगावर काटा येतो की नाही बघा. उपहास गळ्यात आणायचा नाही. नोटीस वाचणारा माणूस जसा कोरडा वाचतो तसंच वाचायचं, बाकीचं काम सिंथ करतो. गळ्यावर शंभर-सव्वाशे मिलिसेकंदांचा एकच इको पुरे.

वीज, पाऊस, शेजारी

आपल्या विजेची लय ५० हर्ट्झ. अर्थिंग नीट नसलं की हीच घरघर स्पीकरमधून येते. ती घालवायचे उपाय आहेत : सगळी यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा, तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अ‍ॅडॅप्टरमध्ये कोंबू नका, चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. अर्थची पिन कापणारे महाभाग भेटतात, त्यांचं ऐकू नका, शॉक लागतो. पण एवढं करूनही थोडी घरघर उरली तर तिच्याशी जुळवून घ्या. पांढरी पाचचा अगदी खालचा सूर ४९ हर्ट्झचा, म्हणजे तुमच्या भिंतीतला हम पांढरी पाचपेक्षा किंचित चढा. सिंथचं ट्यूनिंग केसभर वर नेऊन सा पांढरी पाचवर धरा. मघाचा ९८ चा सा यासाठीच घेतला होता. फुकटचा तंबोरा मिळाला.

जून ते सप्टेंबर दमट हवेत पॉट खरखरायला लागतात, सॉकेट गंजतात. यंत्रं सिलिका जेलच्या पुड्या टाकून झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि पॉट खरखरलाच तर यंत्र बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीस-पंचवीस वेळा फिरवा. ती खरखर आधी रेकॉर्ड करून ठेवायला हरकत नाही.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. दोन माणसं नीट बोलायला लागली तरी ५५ च्या घरात जातं, म्हणजे स्पीकरवरच्या सरावाचा विषयच संपला. स्पीकर लागेल तेव्हा दोघा-तिघांत तासाच्या भाड्याने जॅमरूम घ्या. घरी हेडफोन. तिथेही कानांचा हिशेब ठेवा : ८५ डेसिबल आठ तास चालतं, पण प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९४ ला एक तास, १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं. कान गुणगुणत असतील तर त्या दिवशीचं काम संपलं.

मिक्स

माणसाचा कान दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात हळवा असतो. तान्ह्या बाळाचं रडणं, गाडीच्या ब्रेकची किंचाळी, सगळं तिथलं. तुमचा गळाही तिथेच, फाटलेला सिंथही तिथेच. दोघं एकदम आले की चिखल. म्हणून या पट्ट्यात एका वेळी एकच आवाज राहू द्या. गळा आला की सिंथचा फिल्टर बंद करत न्या, गळा थांबला की उघडा. हे हाताने करा, रेकॉर्डिंग चालू असताना. पायाचा ठोका आणि खर्जाचा सूर सोडून बाकी सगळ्यांचा शंभर-दीडशे हर्ट्झखालचा भाग कापून टाका. रेकॉर्ड करताना पातळी उणे बारा डेसिबलच्या आसपास ठेवा, फाडायचं ते पेडलमध्ये फाडा, कॉम्प्युटरच्या इनपुटवर नाही. तिथली फाट नंतर काढता येत नाही.

शेवटी गाणं फोनच्या स्पीकरवर हळू लावून पंख्याखाली ऐका. तरीही मान उचलली गेली तर झालं.

लोकांसमोर

चार गाणी, वीस मिनिटं. त्याहून जास्त नको. ज्या ठिकाणी वाजवणार आहात तिथल्या साउंडवाल्या दादांना आधीच गाठून सांगा की आवाज फाटलेलाच येणार आहे, तो दुरुस्त करू नका. न सांगितलं तर ते बिचारे प्रामाणिकपणे तुमचा सगळा वरचा पट्टा कापून टाकतात. सिंथ डीआय बॉक्समधून, म्हणजे वाद्य साउंडच्या मिक्सरला जोडणाऱ्या छोट्या डबीतून, द्या. किंकाळीचा सगळ्यात वरचा टप्पा साउंडचेकलाच एकदा पूर्ण ऐकवा, म्हणजे त्यांना लिमिटर, म्हणजे आवाजाला वरची मर्यादा घालणारं यंत्र, कुठे लावायचा ते कळेल आणि कुणाचा स्पीकर उडणार नाही.

पिशवीत दोन जादा पी-३८ वायर, नवी नऊ व्होल्टची बॅटरी, टॉर्च, इन्सुलेशन टेप आणि जमतील तितके इअरप्लग टाका, पहिल्या रांगेत उभ्या राहिलेल्यांना वाटायला. साउंडचेकला दुपारीच निघा, संध्याकाळच्या गर्दीत सिंथ छातीशी धरून डोंबिवली फास्टमध्ये चढता येत नाही. परतीला शेवटची गाडी धरायची असेल तर आयोजकांकडून पहिला किंवा दुसरा नंबर मागून घ्या.